राखून ठेवलेला गडी

बेसबॉलच्या संघात एक गडी शेवटासाठी राखून ठेवलेला असतो. त्याला तिकडे 'क्लोजर' म्हणतात. आघाडी मिळाली, की अखेरच्या डावात चेंडू टाकायला त्याला आणायचे. २०१६ साली बाल्टिमोर ओरिओल्सच्या झॅक ब्रिटनवर हे काम ४७ वेळा सोपवले गेले. ४७ही वेळा त्याने आघाडी राखली!

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला टोरांटोत बाद फेरीचा सामना होता. हरला तो घरी. दोन-दोन अशी बरोबरी. व्यवस्थापक बक शोवॉल्टर आघाडीची वाट पाहत राहिले. एकामागून एक दुसरेच गोलंदाज धाडत राहिले. अकराव्या डावात एन्कार्नासिओनने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला आणि सामना ५-२ असा संपला. ब्रिटन बसलेलाच!

मी शोवॉल्टरना हसणार होतो. पण आमच्या ट्रंकेत आईची पैठणी आहे. नातवाच्या मुंजीत नेसायची म्हणून तिने ती जपली होती. मुंज झाली, आई नव्हती.

परवा मी ती बाहेर काढली.

"अहो, दिवाळी आठ दिवसांवर आली, तेव्हा नेसते की," ही म्हणाली.

"आजच नेस," मी म्हटले.