दोन क्रमांकाचे दार

‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण आपल्याकडे इतक्या सहजपणे, आणि बहुधा वाचलेल्या माणसाच्या तोंडावरच, उच्चारली जाते की, जे तरले नाहीत त्यांचे काय, हा तिच्या पोटातला प्रश्न विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही; परंतु डॅन अलोन या इस्रायली तलवारपटूची कारकीर्द मनात घोळू लागल्यापासून ही म्हण माझ्या ओठांवर यायला कचरते.

अलोन हा फॉईल या प्रकारातला इस्रायलचा विजेता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो उतरला तेव्हा त्याचा प्रशिक्षक आंद्रे स्पिट्झर हा त्याच्याच वयाचा होता. दोघांचाही जन्म १९४५ चा. रुमानियात जन्मलेल्या आणि हॉलंडात विद्येची परिपूर्ती केलेल्या या गुरूने त्या क्रीडानगरीत लेबनॉनच्या खेळाडूंकडे आपण होऊन जाऊन हस्तांदोलन केले होते, असे त्याच्या पत्नीने सांगून ठेवले आहे. ५ सप्टेंबरच्या पहाटे कॉनॉलीश्ट्रासे ३१ या इमारतीतल्या पहिल्या सदनिकेत, जिथे इस्रायली प्रशिक्षक व पंच उतरले होते, त्यांना ओलीस धरण्यासाठी बंदूकधारी शिरले. जखमी झालेला कुस्तीचा प्रशिक्षक मोशे वाईनबर्ग याला पुढे घालून ते निघाले, आणि दोन क्रमांकाचे दार तसेच मागे टाकून तिसऱ्याकडे गेले. दुसऱ्या सदनिकेत इस्रायली नाहीत असे वाईनबर्गने सांगितले, तिसरीतील पहिलवान व भारोत्तोलक गडी प्रतिकार करतील अशी त्याची अटकळ होती, असे म्हणतात. त्याची जबानी मात्र कोणाच्याही दप्तरी नाही, कारण थोड्याच वेळात तो मारला गेला.

त्या दोन क्रमांकाच्या दारामागे अलोनसह पाच जण होते आणि ते पाचही वाचले. मग तारणारा देव कोणता म्हणावा? वाईनबर्गला तो मान द्यावा, तर ज्यांच्या बाहुबलावर त्याने विसंबून पाहिले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला मृत्यू आला. पाचांतला शॉल लादानी तर बालपणी बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीतून सुटलेला. त्याच्यासाठी तीच म्हण दोनदा उच्चारावी, तर त्या छावणीत मेलेल्या असंख्यांचा हिशेब कोणाच्या नावे मांडावा? म्हण खोटी आहे असेही माझ्याने म्हणवत नाही, कारण आपल्या बायाबापड्यांनी ती घोर संकटातही उराशी धरली आहे.

या विचारातून मन वारंवार फॉईलच्या नियमांकडे वळते. अर्ध्या किलोहून हलके ते हत्यार. टोकाशी बटण, आणि केवळ धडावर झालेला स्पर्शच गुणास पात्र. दोघांचे दिवे एकदमच लागले तर आक्रमण आधी कोणी आरंभले, प्रतिस्पर्ध्याने आपल्या पात्याने ते परतवून तो अग्रहक्क स्वतःकडे घेतला की काय, याचा फैसला पंच सर्वांसमक्ष करतो. आणि लढतीपूर्वी प्रतिस्पर्ध्याला तलवारीने अभिवादन केल्यावाचून पहिले पाऊलही पुढे टाकता येत नाही. कोवळ्या वयापासून ज्याची वृत्ती या मर्यादेत घडली, त्याच्यासमोर एका पहाटे जे घडले त्यात अभिवादन नव्हते, अग्रहक्क नव्हता, पंच नव्हता. दिवसा स्पिट्झर खिडकीत दिसला, हात बांधलेला, पांढऱ्या गंजीफ्रॉकात, वाटाघाटींसाठी जर्मनमध्ये बोलणारा. बोलता बोलता बंदुकीच्या दस्त्याने त्याला मागे ढकलण्यात आले. रात्री फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर उरलेले नऊही ओलीस मारले गेले; त्यांत तो होता.

अलोनने त्यानंतर स्पर्धा सोडल्या, आणि त्या पहाटेविषयी तीन दशकांहून अधिक काळ तो जाहीरपणे बोलला नाही. ते मौन अपराधाच्या भावनेचे होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण उपजीविका, संसार, मुलेबाळे यांत गढलेल्या माणसाचे न बोलणे हे न बोलणेच असू शकते, आणि पंचाच्या अभावी त्याला नियमभंग वाटला असावा, हा माझा तर्क मलाच आता पोकळ वाटतो. पुढे तो बोलू लागला, त्याने आठवणींचे पुस्तकही केले. परंतु त्या पुस्तकाच्या शीर्षकात म्युनिकच आहे, आणि म्युनिकपूर्वीची, हजारो तासांच्या सरावाने कमावलेली त्याची तलवार कोणाला आठवावी, हे मला अद्याप कळलेले नाही.

डॅन अलोन २०१८ साली निवर्तला. त्याच्या अकरा सहकाऱ्यांसाठी ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात प्रथमच स्तब्धता पाळण्यात आली ती २०२१ साली, टोकियोत.