अरुंद अक्षराची जागा

वृत्तपत्राच्या मथळ्याला दोन मागण्या एकाच वेळी पुऱ्या कराव्या लागतात. तो दुरून दिसावा म्हणून अक्षर उंच आणि ठळक हवे. स्तंभाच्या तुटपुंज्या रुंदीत तो मावावा म्हणून तेच अक्षर अंग चोरून उभे राहणारे हवे. ठळक, अरुंद, सेरिफयुक्त शीर्षकाक्षर रुजले ते या पेचामुळे. साहित्याच्या अध्यापकांना त्याचे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच की, थोड्या जागेत आशय मावविणे हा आमच्याही व्यवसायाचा प्रश्न आहे.

चेल्टनहॅम या अक्षरकुळाचे उदाहरण घेऊ. १८९६च्या सुमारास न्यूयॉर्कच्या चेल्टनहॅम प्रेसचे इंगल्स किंबॉल यांच्यासाठी बर्ट्रम गुडह्यू या वास्तुशिल्पज्ञाने ते रेखाटले. वाचताना डोळा ओळीच्या वरच्या भागावर अधिक विसंबतो, या विचाराने अक्षरांचे वर जाणारे दांडे लांब आणि खाली उतरणारे आखूड ठेवले गेले. पुढे अमेरिकन टाइप फाउंडर्समध्ये मॉरिस फुलर बेंटन यांनी १९०४ पासून त्याची ठळक, अरुंद, अतिअरुंद अशी भावंडे घडविली, आणि पुस्तकासाठी काढलेले अक्षर जाहिरातींत नि मथळ्यांत रमले. २००३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या मथळ्यांतील नाना वळणांची सरमिसळ दूर केली, तेव्हा मॅथ्यू कार्टर यांनी नव्याने रेखाटलेले चेल्टनहॅमच स्वीकारले.

'नव्याने रेखाटलेले' हे शब्द आम्हांला महत्त्वाचे वाटतात. अरुंद करणे म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबणे, असा समज संगणकाने रूढ केला. रुंदीच्या चौकटीत ७० टक्के हा आकडा भरला की काम झाले! परंतु अशा दाबण्याने उभे दांडे त्याच प्रमाणात बारीक होतात आणि आडव्या रेषा पूर्वीइतक्याच जाड राहतात. रेखाटणारा कारागीर दांड्याची जाडी शक्यतो राखतो, आतली पोकळी आवळतो, गोलाई उभट करतो, सेरिफ आखूड करतो. काय राखायचे नि काय सोडायचे, हा निर्णय त्याला प्रत्येक अक्षरापाशी निराळा घ्यावा लागतो.

देवनागरीला सेरिफ नाहीत. तिचा तोल शिरोरेघ आणि काना यांच्या नात्यात आहे. म्हणून दाबलेली देवनागरी लगेच उघडी पडते. महाविद्यालयीन वार्षिकांकांची मुखपृष्ठे पाहावीत: शिरोरेघ धष्टपुष्ट, तिला लोंबणारे काने कृश, आणि 'क्ष', 'ष्ट' यांसारख्या जोडाक्षरांची गिचमीड.

आमच्या वर्गांत कवितेचेही असेच होते. परीक्षेच्या मार्गदर्शकांतील सारांशात सर्व ओळी सारख्याच प्रमाणात दाबलेल्या असतात. विधान जाड राहते. ज्यांवर कविता उभी असते ते सूर, विराम आणि प्रतिमा बारीक होत होत नाहीसे होतात. विद्यार्थी तो सारांश पाठ करतो आणि कविता वाचल्याच्या समाधानात उत्तरपत्रिका लिहितो. त्याला दोष कसा द्यावा? दुसऱ्या प्रकारचा संक्षेप त्याला कोणी दाखविलेलाच नसतो.

म्हणून अलीकडे आम्ही सारांशाआधी एक प्रश्न विचारतो: या कवितेतले काय गेले तर ती उरणार नाही? उत्तरे अडखळत येतात, एकमेकांशी भांडतात. पण ते भांडण कवितेच्या दांड्याविषयी असते, आणि तास तिथून सुरू होतो.