टर्मिनलमधले पहिले दिवस

उबुंटूमध्ये टर्मिनल उघडले की मोकळ्या चौकटीत एकच ओळ दिसते: वापरकर्त्याचे नाव, संगणकाचे नाव, डॉलरचे चिन्ह आणि लुकलुकणारा कर्सर. हा प्रॉम्प्ट. त्यापुढे टंकलेली आज्ञा वाचून कामाला लावणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. उबुंटूवर तो बॅश असतो, तर मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून झेडएसएच.

प्रस्तुत लेखक टर्मिनलकडे वळला तो हौसेने नव्हे. मराठी लेखांच्या शेकडो टेक्स्ट फायलींतून एक शब्द शोधायचा होता आणि एकेक फाइल उघडून बघत बसणे शक्य नव्हते. आज्ञांची यादी पाठ करण्यापेक्षा असे एखादे काम हाताशी असणे बरे. वापरात न येणारी आज्ञा लक्षात राहत नाही.

आधी तीन आज्ञा पुरतात. ‘पीडब्ल्यूडी’ आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगते, ‘एलएस’ तिथल्या फायली दाखवते, ‘सीडी’ दुसऱ्या फोल्डरमध्ये नेते. ही नावे इंग्रजी लहान अक्षरांतच टंकावी लागतात. माउस वापरणाऱ्याला आपण कुठे आहोत याचा वेगळा विचार करावा लागत नाही. इथे तो सतत करावा लागतो. फाइल जागेवर असते, पण शिकणारा भलत्याच फोल्डरमध्ये असतो आणि ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ एवढेच उत्तर येते. नावात मोकळी जागा असेल तर शेल त्याचे दोन तुकडे समजते. नावाची पहिली अक्षरे टंकून टॅब दाबल्यास उरलेले नाव शेलच पुरे करते, त्यामुळे ही कटकट बरीच टळते.

‘एमकेडीआयआर’ नवा फोल्डर करते, ‘सीपी’ प्रत काढते, ‘एमव्ही’ फाइल हलवते किंवा तिचे नाव बदलते. काम झाले तरी या आज्ञा काहीच बोलत नाहीत आणि नवख्याला तेच खटकते. याचे मूळ जुने आहे: या आज्ञा ज्या युनिक्स प्रणालीतून आल्या, तिचा जन्म १९६९ साली बेल लॅब्जमध्ये झाला. तेव्हाचे टेलिटाइप यंत्र सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापत असे. अशा यंत्रावर प्रत्येक आज्ञेची पोच छापणे परवडणारे नव्हते. आज्ञांची तुटक नावेही त्याच काळातली. फाइल पुसणारी ‘आरएम’सुद्धा अशीच गप्प राहते आणि तिच्यामागे कचरापेटी नसते. म्हणून सुरुवातीला तिच्यासोबत ‘वजा आय’ हा पर्याय द्यावा, म्हणजे पुसण्याआधी ती विचारते. बहुतेक आज्ञांची माहिती ‘मॅन’ देते. तिथून बाहेर पडण्यासाठी क्यू दाबायचा. चालू काम थांबवायला कंट्रोल आणि सी.

शोधण्याचे काम ‘ग्रेप’चे. ‘वजा आर’ दिल्यास ती आतल्या सर्व फोल्डरांतून फिरते, ‘वजा एल’ दिल्यास फक्त फायलींची नावे देते. ही नावे उभ्या रेघेने, म्हणजे पाइपने, ओळी मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी वजा एल’कडे सोपवली की फायलींची संख्या मिळते. एका आज्ञेचे उत्तर दुसरीला पुरवण्याची ही सोय बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून १९७३ साली युनिक्समध्ये आली. टर्मिनलची खरी ताकद याच रेघेत आहे.

देवनागरीत मात्र जरा जपून. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना-वेलांटीही स्वतंत्र चिन्हे ठरतात. ‘मराठी’ दिसायला ३ अक्षरांचा शब्द, पण ‘डब्ल्यूसी वजा सी’ त्याचे १५ बाइट मोजते, ओळ संपल्याची खूण धरून १६. शोधताना अडचण आणखी सूक्ष्म होते. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या कुणी नुक्त्याच्या ऱ ने टंकतो, तर कुणी साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. ग्रेपच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. त्यामुळे शब्द असूनही काही फायली निकालात येत नाहीत. अशा वेळी ‘वजा ई’ हा पर्याय दोनदा देऊन दोन्ही रूपे एकाच फेरीत शोधता येतात.