चाळणी आणि कोंडा

वस्तु टाकून देण्याच्या कलेंत आमचें घराणें फार मागासलेलें आहे. दांडा मोडलेली छत्री देखील ‘असूं दे, कधीं उपयोगी पडेल’ या आशीर्वादावर माळ्यावर सुखानें नांदते. त्यामुळें संगणकाची हार्डडिस्क भरली असें मुलानें सांगतांच माझ्यापुढें धर्मसंकट उभें राहिलें.

ती भरली होती अंबाजोगाईच्या आत्याबाईंच्या ओव्यांनीं. त्या जात्यावर बसल्या असतां धाकट्या भावानें त्यांचें चित्रण केलें होतें. अशा चित्रणाच्या एकेका चौकटींत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारें ८३ लाख ठिपके. आणि सेकंदाला २५ चौकटी! सेकंदास १०० मेगाबिट या दरानें तासाभराच्या ओव्यांना ४५ गिगाबाइट जागा लागते. आत्याबाई आतां नाहींत. तेव्हां पुन्हां चित्रण होणें नाहीं.

मुलानें ‘एफएफएमपेग’ काढलें. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थानें २००० सालीं आरंभिलेलें हें साधन मोठें मितभाषी आहे. काळ्या पडद्यावर आज्ञेची एक ओळ लिहावी, कीं तें मुकाट्यानें कामाला लागतें. ‘कॉपी’ म्हटलें तर चित्राला धक्का न लावतां तुकडे कापतें; ‘सीआरएफ’पुढें अंक लिहिला तर त्या मापाची चाळणी लावतें. अंक मोठा, तर फाईल लहान.

आम्हीं २८ लिहून पाहिलें. चेहरा शाबूत, आवाज स्वच्छ. पण जात्याभोंवतीं तरंगणारी पिठाची धूळ पुसट होऊन गेली.

“बाबा, आत्याआजी ओळखूं तर येतात ना!” मुलगा म्हणाला.

यंत्राचा न्याय चुकीचा नव्हता. मागल्या चौकटींत होतें तें पुढें पुन्हां लिहूं नये, डोळ्याला सहसा न जाणवणारें गाळावें, हा त्याचा धर्म. क्षणोक्षणीं पालटणारी धूळ लिहिणें महाग, म्हणून ती कोंडा ठरली. माझ्या आठवणींतल्या आत्याबाई मात्र त्या धुळींतच बसलेल्या असतात.

त्याच गांवीं दासोपंतांनीं सुमारें चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलें. ती आजवर टिकली, कारण तिची गरजेपुरती चिंधी ठेवावी असें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

अखेर नवी डिस्क आणली, मूळ फाईलची प्रत तिच्यावर घेतली आणि ‘शा-२५६’च्या आज्ञेनें दोहोंचा ठसा अक्षरन् अक्षर जुळवून पाहिला. मगच चाळलेली प्रत नातेवाईकांकडे रवाना झाली. पीठ सर्वांना वांटलें. कोंडा तेवढा घरीं ठेवला.