साठ दिवस, सात फूट!

टेक्सासच्या लेक फोर्कवर बास पकडायला निघालात? आधी रॉड निवडा. पण एकच हं!

‘एकच रॉड घ्यायचाय. तोही दोन तुकड्यांत निघणारा,’ दुकानात शिरताशिरता दादाने जाहीर केलं. समोर अख्खी भिंत भरून रॉड्स! मला तर सगळे सारखेच दिसत होते.

खरं तर दादाच्या डॅलसमधल्या गॅरेजमध्ये आधीच सहा रॉड्स आहेत. मग हा सातवा कशाला? उत्तर फ्रिजवरच्या कॅलेंडरवर होतं. फेब्रुवारीच्या शेवटी दादाचा जॉब गेला. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी किंवा दुसरा काही मार्ग निघाला नाही, तर बॅगा भरायच्या. मी पोचले तेव्हा वहिनीने १९ चौकटींवर फुल्या मारल्या होत्या.

जुने सहाही रॉड एकसंध, सात-सात फुटी. विमानात कोण नेणार? ते विकायला काढलेले. नवा रॉड टेक्सासात राहील, नाहीतर पुण्यात येईल. दोन्हीकडे चालेल असा हवा.

मदतीला दादाचे शेजारी आले होते. सत्तरीचे, रिटायर्ड शाळामास्तर. आम्ही आपापसात त्यांना ‘टेक्सासकाका’ म्हणतो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, आमिष कुठलं वापरणार? दादा म्हणाला, सॉफ्ट प्लॅस्टिक. म्हणजे मऊ, लवचीक प्लॅस्टिकची गांडुळं, पाली, क्रॉफिश. हात लावला तर ईऽऽ व्हावं इतकी खरी!

आता मंडळी, थोडा फंडा समजून घ्या. रॉडवर दोन शब्द छापलेले असतात, पॉवर आणि अॅक्शन. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. ‘फास्ट’ रॉड फक्त टोकाशी वाकतो, ‘स्लो’ पार मुठीपर्यंत.

सॉफ्ट प्लॅस्टिक बहुतेकदा ‘टेक्सास रिग’ने लावतात. दोरीवर बंदुकीच्या गोळीसारखं वजन, आणि गळाचं टोक पुन्हा गांडुळातच लपवायचं. त्यामुळे गळ झाडझुडपात अडकत नाही. पण मासा लागला की ते टोक आधी प्लॅस्टिकमधून आणि मग माशाच्या जबड्यातून जायला हवं. त्यासाठी रॉडच्या कमरेत जोर पाहिजे, म्हणून मीडियम-हेवी. आणि मासा आमिष तोंडात घेतो तेव्हा हाताला नुसती ‘टक्’ कळते. ती कळायला टोक चपळ पाहिजे, म्हणून फास्ट. सात फूट लांबी असली की आमिष लांब जातं आणि झटका देताना ढिली दोरी पटकन ताणली जाते.

काकांनी दादाचं रील लावून रॉड एका बोटावर तोलायला लावला. टोक जड लागलं की रॉड परत भिंतीवर! एकसंध रॉडमध्ये ‘टक्’ जास्त नीट कळते, असं जुनेजाणते म्हणतात. पण काकांच्या मते आता चांगल्या जोडरॉडमध्येही फारसा फरक हाताला जाणवत नाही. शेवटी ग्रॅफाइटचा, सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट रॉड पक्का झाला. शंभर डॉलर्सच्या आत. दुप्पट किमतीचा एक दादाने दोनदा उचलला आणि दोनदा ठेवला. मी दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे लेक फोर्क. डॅलसच्या पूर्वेला साधारण दीड तास. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि पाण्याखाली गेलेली झाडं बरीचशी तशीच सोडली. आजही सुमारे २७ हजार एकर पाण्यातून राखाडी खोडं वर आलेली दिसतात. फोटोला सॉलिड, बोटीला डेंजर! बासना मात्र हा राजवाडाच. टेक्सासचा विक्रमी बास इथलाच, १९९२ चा, १८.१८ पौंडांचा. म्हणजे सव्वाआठ किलो!

प्लॅस्टिकचं गांडूळ लोकप्रिय करणाऱ्या निक क्रीम यांची कंपनीही ओहायोहून इथून जवळच्या टायलर गावात आली. म्हणजे आम्ही माहेरीच आलो होतो म्हणायचं.

मार्चमध्ये बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. दादाने खोडाच्या बुंध्याशी आमिष टाकलं. ते तळाला जाऊ द्यायचं, टोक हलकेच उचलायचं, थांबायचं. सगळी मजा थांबण्यात. फोन बोटीच्या कप्प्यात होता. तरी दर पाच मिनिटांनी त्याची नजर तिकडे जायची.

‘आईला सांगितलंस?’ मी विचारलं.

‘नाही. तू सांगू नकोस.’

‘अरे, पण ती रोज विचारते, दादाचा आवाज असा का येतो म्हणून.’

तो काही बोलला नाही. तेवढ्यात दोरी एका बाजूला सरकली. त्याने रील फिरवून ताण घेतला आणि झटका दिला. रॉड टोकाशी वाकला आणि कमरेत तटून राहिला. हिरवट, काळ्या पट्ट्याचा बास! काकांनी मोजला, १८ इंच. इथे १६ ते २४ इंचांमधले बास ठेवता येत नाहीत, सोडावेच लागतात. दादाने त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं. शेपटीचा एक फटका, आणि गेला.

‘आपल्याकडे बास नाही रे,’ मी म्हटलं.

‘मरळ आहे ना! तीपण अशीच झाडोऱ्यात दबा धरते. चालेल हा रॉड.’

परतताना त्याने गाडीतून आईला फोन लावला. स्पीकरवर नाही.

रॉड घेताना…
* पहिला आणि एकच रॉड : ७ फूट, मीडियम-हेवी, फास्ट, ग्रॅफाइट.
* रॉडवर आमिषाचं वजन पाहा. पाव ते पाऊण औंस, म्हणजे ७ ते २१ ग्रॅम, ही रेंज बहुतेक कामं करते.
* दोरी १२ ते १७ पौंडांची. हलकी, बिनवजनाची आमिषं जास्त वापरणार असाल तर मीडियम पॉवरचा स्पिनिंग रॉड बरा.
* नवशिक्यांनी स्पिनिंग रीलच घ्यावं. बेटकास्टरवर माझ्या दोरीचं पाच मिनिटांत घरटं झालं!
* प्रवास करायचा असेल तर दोन तुकड्यांचाच.