पुन्हा ‘सा’पासून

शेलारला आमच्या घरामागे लूम आहेत. खटखट, खटखट... रात्रीसुद्धा! म्हणून मी हेडफोन लावूनच लिहिते. परवा त्यात चेलो वाजत होता. म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ. पण सिंफनी नव्हती, चक्क धृपदाचा आलाप होता.

वाजवत होत्या नॅन्सी लेश; आपल्याकडे नॅन्सी कुलकर्णी या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या. मूळच्या अमेरिकन, वेस्टर्न क्लासिकलमध्ये तयार झालेल्या. ऑर्केस्ट्राचा सरळ रस्ता समोर होता. तरी त्या रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकायला बसल्या. उस्तादांचं गुरुकुल आपल्या पनवेलजवळ, पळस्प्याला. खुर्ची सोडून जमिनीवर बैठक, छापील नोटेशनऐवजी गुरूकडून कानाने घेतलेली तालीम. चेलोला पडदे नसतात, बोट सरकवलं की मींड निघते. १९९० मध्ये उस्ताद गेले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन डागर यांच्याकडे शिकणं सुरू राहिलं.

हे वाचून मी गप्पच झाले. नोकरी सोडून मी साउंड एडिटिंगच्या क्लासला जाते. सगळी पोरं विशीतली, मी अठ्ठावीसची. आई विचारते, “एवढी वर्षं लिहिलंस, ते फुकटच ना?”

नॅन्सीबाईंनी सगळं नव्याने शिकलं, पण चेलो टाकला नाही. तोच घेऊन गुरूसमोर बसल्या.

उद्या क्लासला जाताना बॅगेत जुनी रिपोर्टिंगची वही टाकणार आहे. आणि पहिलं रेकॉर्डिंग? घरामागच्या लूमचं!