उतरलेली पट्टी

माणसाची कुरकुर मला सोसते, वस्तूची सोसत नाही. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षे काढल्याचा हा परिणाम असावा. काही कुरकुरले, की कोठेतरी काहीतरी कशाला तरी लागते आहे. ते शोधावे आणि दूर करावे, एवढेच माझे तत्त्वज्ञान. गेल्या पावसाळ्यात मात्र त्याला घरच्या घरीच धक्का बसला.

निवृत्तीनंतर आम्ही दोघे मुलाकडे जांब्याला राहायला आलो. मुळशी तालुक्यातले हे गाव. हिंजवडीच्या काचेच्या इमारती येथून फार दूर नाहीत. मुलगा तिकडेच कामाला जातो. घरात संगीताचे दोन नग. एक नातवाची गिटार, नायलॉनच्या तारांची. दुसरा आमच्या सौभाग्यवतींचा तंबोरा. गिटार दिवसभर बोलते. तंबोरा गवसणीत, कोपऱ्यात, चार वर्षे गप्प.

नातवाला चौदावे लागले आणि त्याचा आवाज फुटला. काल गायलेले गाणे आज गळ्यात येईना. पोरगा हुशार, त्याने गिटारच्या सहाही तारा दोन पट्ट्या खाली उतरवल्या. गाणे गळ्यात आले, पण जाड तारा खरखर करू लागल्या.

"आजोबा, हिला सर्दी झालीय!"

मी चष्मा लावला आणि कानस काढली. टूलरूमच्या माणसाला प्रत्येक दुखण्यावर घासणे हाच उपाय दिसतो. पडद्यांना हात लावणार, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, घासलेलं परत येत नाही हं. आधी ऐका तरी!"

ऐकले. मोकळी तार खरखरत होती, पहिले तीन-चार पडदे दाबले तरी खरखरत होती. वर मात्र आवाज स्वच्छ होता. म्हणजे एखादाच पडदा वर आलेला नव्हता. मग हिशेब मांडला. सूर दोन पट्ट्या उतरला, की तारेचा ताण जवळजवळ 20 टक्क्यांनी कमी होतो. ढिली तार दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी रुंद झोका घेते आणि खालच्या पडद्यांवर आपटते. दोष पडद्यांचा नव्हता. सूर खाली आला होता आणि त्याला मोकळे हलायला जागा कोणी करून दिली नव्हती, एवढेच.

उपाय साधा निघाला. तारा सैल करून घोडीवरची हाडाची बारीक पट्टी उपसली, एका जुन्या लग्नपत्रिकेचे दोन तुकडे कापून तिच्याखाली घातले आणि पुन्हा सूर लावला. पट्टी एक मिलिमीटर उचलली, की बाराव्या पडद्यावर तार अर्धा मिलिमीटर उचलते. खरखर गेली, पण बोटांना जास्त जोर लागतो, अशी नवी तक्रार आली. पुढच्या आठवड्यात जास्त ताणाच्या तारा आणल्या आणि एक तुकडा काढून टाकला. तक्रार मिटली. मी कृतकृत्य होऊन चहा मागितला.

चहा ठेवता ठेवता ही म्हणाली, "तंबोऱ्याचंही असंच असेल का हो?"

"कशाचं?"

"आजारपणानंतर माझा आवाज उतरला. काळी चार झेपेना. तुम्ही बाहेर गेला होतात तेव्हा एकदा मी पांढरी चारला लावून पाहिला. नुसता खडखडला. मला वाटलं, तोच सांगतोय, बाई, आता पुरे."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. मी आपला समजत होतो, नातवंडांच्या धबडग्यात हिला वेळ होत नाही. चार वर्षांत एकदाही विचारले नव्हते. यंत्राची बारीकशी कुरकुर मला पलीकडच्या खोलीतून ऐकू येई. हिचे गप्प होणे शेजारी बसून ऐकू आले नव्हते.

तंबोरा मिरजेचा, 1978 साली घेतलेला. तो घेऊन आम्ही दोघे मिरजेला गेलो. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्यांकडे वळले आणि ती कला गावात रुजली. अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य याच गावात होते. तेथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

कारागिराने तंबोऱ्याकडे नंतर पाहिले. आधी हिला विचारले, "ताई, आता कोणत्या पट्टीत गाता?"

'आता' हा शब्द त्याने किती सहज वापरला!

मी माझा हिशेब पुढे केला : तीन पट्ट्या, म्हणजे ताण जवळजवळ 30 टक्के कमी. तो हसला आणि थोड्या जाड तारा काढल्या. मग घोडीवर कानस फिरवू लागला. दोन हात फिरवायचे, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा दोन हात. गिटारच्या घोडीवर तार एका धारेवरून सुटते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती. तार तिला लागत लागतच कंप पावते. ते लागणे म्हणजेच जवारी. शेवटी त्याने तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि केसभर मागेपुढे करता करता एका जागी थांबला. खडखडीचा झंकार झाला.

मी आयुष्यभर जे 'लागणे' दूर करीत आलो, ते हा माणूस कानसेने नेमके जागेवर आणून बसवीत होता!

पाडव्याच्या पहाटे ही तंबोरा घेऊन बसली. पांढरी चार. वरचा षड्ज लागला नाही. निषादावर थोडी थांबून ती खाली आली आणि गात राहिली. नातू दाराशी उभा होता. गाणे संपल्यावर त्याने विचारले, "आजी, तुझापण आवाज फुटलाय?"

"हो रे," ही म्हणाली, "तुझा मोठा होताना, माझा म्हातारी होताना. बस इथं. खालचा सा लाव बघू."